केरबा कादंबरीचं प्रकाशन करतो

गाव कुठलंही धरा, असला एक भोळा नवरा तिथे असतोच. आमच्या गावातल्याचं नाव केरबा. भोळा म्हणायचं ते त्याच्या म्हाताऱ्या आईची लाज राखायला. तिच्या पाठीमागे सगळे मूर्खच म्हणत.

त्याची बायको हौसाबाई पिठाची गिरणी चालवायची. दळणाला येणाऱ्या बायकांचं ऐकून ऐकून तिने बारा वर्षांत एक कादंबरी लिहिली. ती छापून झाली, पन्नास प्रती घरात येऊन पडल्या. आता ती कुणीतरी वाचावी, एवढंच तिचं मागणं. पण पुस्तक असं कोण वाचतं? वाचनालयवाले म्हणाले, "आधी पेपरात येऊ दे, मग प्रती घेऊ." पेपरचे संपादक घोरपडे म्हणाले, "आधी प्रकाशन करा. पाहुण्याच्या हातात मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, तरच फोटो छापतो." आत काय लिहिलंय ते एकानेही विचारलं नाही.

हौसाबाई म्हणाली, "अहो, ही प्रत घोरपड्यांना नेऊन द्या. त्यांच्या हातातच द्या हं."

केरबा गेला. घोरपड्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात चहाचा कप. म्हणाले, "ठेवा टेबलावर." केरबा दिवसभर उभा राहिला. कप खाली गेला की हातात फोन यायचा. संध्याकाळी तो पुस्तक घेऊन परत.

"हात रिकामाच नव्हता गं."

"अहो, समोर जे असेल त्याच्यापुढे ठेवायचं आणि चालू लागायचं!"

"असं होय? बरं."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला तात्यासाहेबांकडे धाडलं. तात्यासाहेब म्हणजे माजी सभापती, प्रकाशनाचे पाहुणे. निमंत्रण द्यायचं होतं. तात्या घरी नव्हते. समोर म्हैस होती. केरबाने निमंत्रण तिच्यापुढे ठेवलं आणि चालू लागला.

तात्यांचा फोन आला. "हौसाबाई, निमंत्रण म्हशीला आवडलं. ती यायला तयार आहे. माझं काय?"

हौसाबाईने कपाळावर हात मारला. "अहो, असली वस्तू पिशवीत घालायची, दोऱ्याने करकचून बांधायची आणि उंच टांगायची. कुणाचं तोंड पोचता कामा नये!"

"असं होय? बरं."

मग बालवाडीच्या खोलीत अभिवाचन ठेवलं. चाळीस बायका आल्या. माइकचं काम केरबाकडे. त्याने माइक पिशवीत घातला, दोऱ्याने करकचून बांधला आणि आढ्याला टांगला. हौसाबाई खालून वाचतेय, वर पंखा खडखडतोय.

मागची एक म्हणाली, "अगं, ही नुसते ओठ का हलवते?"

दुसरी म्हणाली, "जप करत असेल. पोहे कधी देणारेत?"

पोहे आले, संपले, बायकाही गेल्या.

केरबा खूश. "बघ, कुणाचं तोंड पोचलं नाही."

"माझंसुद्धा नाही पोचलं की हो! लोकांपुढे काही न्यायचं तर आधी त्याचा दोरा सोडायचा. जिथं दोरा दिसेल तिथं सोडायचा. कळलं?"

"असं होय? बरं."

प्रकाशनाची एक रीत आहे. पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळून वर फीत बांधतात. पाहुणा फीत ओढतो आणि आपणच लिहिल्यासारखं पुस्तक उंच धरतो. गुंडाळायचं काम पुन्हा केरबाकडे. एकटी बाई कुठे कुठे पुरणार?

"फीत तेवढी पाहुण्यालाच ओढू द्या," ती म्हणाली.

"बरं," केरबा म्हणाला आणि ब्लेड घेऊन सकाळपासून मागच्या खोलीत बसला. दुपारी जेवलासुद्धा नाही. हौसाबाईला वाटलं, चला, माणूस सुधारला.

संध्याकाळी सभागृह भरलं. तात्यासाहेब उभे राहिले. "ही कादंबरी मी एका बैठकीत वाचून काढली," ते म्हणाले. पुस्तक अजून कागदातून निघालं नव्हतं, पण टाळ्या पडल्या. तात्यांनी फीत ओढली, कागद फाडला, पुस्तक डोक्यावर धरलं. पानं सुटली. पंख्याखाली भिरभिरली, अध्यक्षांच्या टोपीवर पडली, समईवर पडणारं एक हौसाबाईने झेप घालून धरलं. तात्यांच्या हातात नुसतं मुखपृष्ठ राहिलं. ते तसेच हसत उभे. घोरपड्यांनी डाव्या हाताने फोटो काढला.

"मुखपृष्ठ झकास आलंय," ते म्हणाले. "उद्या छापतो."

आणि छापलं. खाली ओळ होती, 'प्रत्येकाने वाचावी अशी कादंबरी'.

त्याच सकाळी वाचनालयाचा माणूस गिरणीवर हजर. "हौसाबाई, पेपरात बघितलं. वीस प्रती द्या. आजच वाटायला काढतो."

हौसाबाई धावत घरात गेली. एक प्रत उचलली, पानं पायावर पडली. दुसरी उचलली, तिचीही पडली. उरलेल्या एकोणपन्नासच्या एकोणपन्नास तशाच. बारा वर्षं फरशीवर पसरली.

"अहो! हे काय केलंत?"

केरबा छाती काढून पुढे आला. "फितीला हात नाही लावला हं. पण आत शिवणीत दोरा होता. तू सांगितलंस म्हणून एकूण एक सोडला." त्याने खिशातून लिंबाएवढा गुंडा काढून तिच्या हातावर ठेवला.

"आणि टाकला नाही हं. नीट गुंडाळून ठेवलाय. तुझ्या पुढच्या कादंबरीला होईल."