राखेपलीकडची शाळा

त्या राज्यात रांग हीच अब्रू होती. मुंगी कुठेही जावो, पोट जमिनीला घासत, वासाची वाट ठेवत जायची. मागून येणाऱ्यांनी ती हुंगत यायचे. वाट न ठेवण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

तरुण मुंग्या मोठ्या रांगेत शिकत. कणीही तिथेच होती. पण ती मधेच थांबायची, आणि मागच्या साऱ्या एकमेकींवर आदळायच्या. शेवटी तिला दगडामागच्या शाळेत धाडले. रांगेत न टिकणाऱ्यांची ती शाळा. तिचे नाव निघाले तरी मुंग्या मिशा आखडून घेत.

अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे म्हणतात. कणीला तीही सोय नव्हती. ती आधीच जमिनीच्या पोटात राहत होती.

आईला तिने सांगितलेच नाही. सकाळी ती मोठ्या रांगेबरोबर निघे आणि वाटेतल्या राखेच्या पट्ट्यात हळूच वळे. राखेत वास टिकत नाही. पलीकडे ती कुठे गेली, हे कुणाच्या बापालाही कळत नसे.

शाळेतला म्हातारा मुंगळा थांबलेल्याला ढकलत नसे. "काय दिसलं गं तुला?" एवढेच विचारी. कणी सांगायची आणि मग दाणा उचलून चालू लागायची. तिला ते आवडायचे. आवडते म्हणून अधिकच लाज वाटायची.

राणीच्या सणाला दुपारी कणीने दगडाआडून पाहिले, तर राखेच्या कडेला आई. लेकीसाठी साखरेचा दाणा घेऊन, तिचा वास हुंगत ती इथवर आली होती आणि इथे वाट संपली होती. म्हातारी गोल गोल फिरत होती. आपलाच वास पुन्हा लागे, तो लेकीचा समजून ती पुन्हा त्याच फेऱ्यात शिरे.

शेजारून मोठी रांग चालली होती.

"माझी कणी पाहिलीत का गं? तुमच्यातच असते," आईने दाण्याआडून विचारले.

रांगेच्या शेपटाला धापा टाकत चाललेली एक मुंगी हसली. "आमच्यात? ती कधीच गेली, मावशी."

"असेल, असेल इथंच," आई म्हणाली आणि पुन्हा फिरू लागली.

कणी दगडाला चिकटून राहिली. आईच्या फेऱ्या मंदावत चालल्या होत्या, पण ती दाणा खाली ठेवत नव्हती. कणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती आईकडे निघाली. राख दोन्ही बाजूंना सारत, खालची माती लागेपर्यंत पोट दाबत, थांबत थांबत. रांगेतल्या मिशा एकेक करून तिच्याकडे वळल्या.

आईने तिच्या राखाडलेल्या अंगावरून मिशा फिरवल्या. मग खाली वाकून ती नवी वाट हुंगली, दगडापर्यंत नजर नेली. दाणा नीट धरून ती दगडाकडे चालू लागली, आणि कणी तिच्यामागून.

रांग पुढे सरकली. मघाशी हसलेली मुंगी मात्र मागे रेंगाळली. कुणी बघत नाही ना, हे तिने पाहिले आणि राखेतल्या त्या वाटेवर हळूच एक पाय ठेवला.