चाळीस मिनिटांत कोरं

"…म्हणजे अजून काय शिकायचं राहिलंय, सर?"

निशिकांत कोळेकरनं हे विचारलं खरं, पण त्याच्या आवाजात प्रश्न नव्हताच. मागणी होती.

विट्याच्या मुजावर सरांकडे तो तीन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. सर मूळचे मराठी टायपिंगचे मास्तर, दुरुस्ती पुढे सुरू झाली. मी त्यांचा जुना विद्यार्थी, टायपिंग आणि दुरुस्ती दोन्हीचा. त्या दुपारी क्लासात सहज जाऊन बसलो होतो. खोटं कशाला बोलू, निशिकांतचा मला हेवा वाटायचा. बंद पडलेलं मशीन त्याच्या हातात गेलं की चालू व्हायचंच.

आता त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं.

पण सरांची एक रीत होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फाईल होती आणि तिच्यात तयार झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल एक ओळ. सर ती टाइप करायचे, मोठ्यानं वाचून दाखवायचे, की झाली परवानगी. अठ्ठावीस वर्षांत सातशे ओळी झाल्या होत्या.

निशिकांतला त्याची ओळ हवी होती.

"माझं मशीन फार रखडतंय," सर म्हणाले. "आधी ते बघ."

निशिकांत हसला. "विंडोज नव्यानं टाकतो. चाळीस मिनिटांत कोरं करून देतो."

"कर."

"तुमच्या फाईली आधी पेनड्राइव्हवर घेतो. साडेचारशे मशीनं फॉरमॅट केली, सर. आजवर एकाचीही फाईल गेलेली नाही."

"तुला मला काही विचारायचंय का?"

"यात विचारण्यासारखं काय आहे?"

सरांनी तिघांसाठी चहा सांगितला.

अडतिसाव्या मिनिटाला निशिकांतनं स्क्रीन सरांकडे वळवला. मशीन पळत होतं. फाईली जिथल्या तिथे होत्या. त्याची मान अशी ताठ की लग्नातला नवरदेव बरा.

"आता माझी ओळ, सर."

"फाईल उघड."

त्यानं उघडली.

स्क्रीनवर एबीसीडी होती. मध्येच कंस, टक्क्याची चिन्हं, उलटे स्वल्पविराम. पानामागून पानं तेच. मराठीचं एक अक्षर नाही.

त्याच्या लक्षात आलं. माझ्याही. फाईल जुन्या मराठी फॉन्टमधली होती. तो फॉन्ट कराडच्या एका छापखान्यानं स्वतःपुरता बनवलेला आणि जुन्या विंडोजबरोबर बसवलेला. विंडोज पुसलं, फॉन्टही पुसला. तो नसला की मराठीचं प्रत्येक अक्षर आपल्या बटणावरचं इंग्रजी अक्षर होऊन बसतं.

निशिकांतनं इंटरनेट पालथं घातलं. फॉन्ट कुठेच नव्हता.

"छापखान्यात मिळेल…"

"छापखाना बंद होऊन बारा वर्षं झाली," सर म्हणाले.

मला क्षणभर बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मग आठवलं, त्या सातशे ओळींत माझीही एक आहे.

वाटलं, आता हा म्हणणार, फाईल आधीपासूनच खराब होती. गिऱ्हाइकासमोर आम्ही सगळेच कधी ना कधी असं म्हणालेलो आहोत.

निशिकांत उठून उभा राहिला.

"मी पुसलं, सर. फॉन्ट बघायला हवा होता. तुम्हाला विचारायला हवं होतं. माज होता, म्हणून विचारलं नाही."

सरांनी चष्मा काढला. डोळे मिटले. दोन्ही हात समोरच्या रिकाम्या टेबलावर ठेवले.

"वाच."

"काय वाचू? हे वाचता येत नाही, सर."

"दिसेल ते अक्षर म्हण."

निशिकांत मधल्याच एका पानावरचं एकेक अक्षर म्हणू लागला. तो अक्षर म्हणायचा आणि सरांचं बोट टेबलावर, ते बटण जिथे असतं तिथे, आपटायचं. कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर, ते त्या बोटांना पाठ होतं.

"सुनंदा हसबे," सर म्हणाले. "हात सावकाश. एक चूक दोनदा करत नाही."

निशिकांत वाचायचा थांबला.

"पुढे."

त्यानं पुढची ओळ घेतली. बोटं पुन्हा चालली. ती माझी निघाली.

"आळशी. पण कामात लबाडी नाही."

वीस वर्षांपूर्वी सरांनी हेच शब्द वाचून दाखवले होते. काना-मात्रेचा फरक नव्हता. हे माझे गुरू आहेत, असं मला त्या वेळी रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं.

निशिकांत मात्र सरांच्या हातांकडे बघत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचे हात. उजव्या हाताचा अंगठा थरथरत होता. सातशे माणसं आता तेवढ्या दहा बोटांत उरली होती.

त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही असंच सांगत जा, सर. मी रोज येतो. सगळ्या ओळी पुन्हा लिहून काढतो."

"आणि दुकान?"

"राहू दे दुकान. ओळही नको."

सरांनी डोळे उघडले.

मग त्यांनी कीबोर्ड ओढला. फाईलच्या शेवटी गेले. स्क्रीनकडे न बघता एक ओळ टाइप केली.

माझा टायपिंगचा सराव कधीच सुटला आहे. तरी बोटांवरून दोन शब्द मला ओळखता आले, आणि ऊर भरून आला. ते शब्द माझ्या वाट्याला आले नव्हते. तरीही हेवा वाटला नाही.

या वेळी सरांनी ओळ वाचून दाखवली नाही. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

निशिकांत वाकून बघत राहिला.

"काय लिहिलंत, सर?"

सर उठले. त्यांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तुला वाचता येईल त्या दिवशी दुकान उघड."