स्ट्रेचरचं वजन

वजन कमी करायचं झालं की तुम्ही आधी गप्प बसणाऱ्यालाच काढता.

अवजारांना वाचा होती तेव्हा डोंगरपाड्यांवरून आजाऱ्यांना खाली आणायला एक गाडी बनत होती. ती चढ चढेना, म्हणून वजन घटवायचं ठरलं.

“माझ्या जागी लहान इंजिन? मग ओढा तुम्हीच!” डिझेल इंजिन गुरगुरलं.

“मी तर आधीच ॲल्युमिनियमचा,” सांगाडा म्हणाला.

स्ट्रेचरला वाटलं, गाडी आपल्यासाठीच आहे, आपण कशाला भांडायचं? त्यालाच उतरवून शेडच्या भिंतीला टेकवलं.

सकाळी गाडी सुसाट वर गेली. दुपारी चार माणसं झोळी खांद्यावर घेऊन शेडपुढून गेली. झोळीतली बाळंतीण वाटेतच वारली होती.

“गाडी आली होती रे,” झोळीचा बांबू स्ट्रेचरला म्हणाला, “वाऱ्यासारखी आली. बाईला निजवायला जागा तेवढी नव्हती.”