काचेमागची भातुकली

काचेची कपाटं घरोघरी नवीनच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. वेणूची पितळी भातुकली आईने अशाच कपाटात, एका बाहुलीशेजारी मांडली. "नुसतं बघायचं हं, हात लावायचा नाही. पसारा होतो."

वेणू रोज काचेपुढे बसे. आधी तिची बडबड थांबली, मग चुळबुळही. आतल्या इवल्याशा पातेलीला धडकी भरली. तिने शेजारच्या बाहुलीला विचारलं, "अगं, हिची पापणीसुद्धा का लवत नाही?"

"मीही अशीच बसायचे," बाहुली म्हणाली, "काचेच्या बाहेर."

पातेलीने जीव खाऊन काचेवर उडी मारली. खणखणाट ऐकून वेणूचं बोट किंचित हललं. तेवढ्यात आई धावत आली. तिने पातेली जागेवर ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दिवाळीच्या साफसफाईत आईने कपाटातल्या दोन्ही बाहुल्या पुसल्या. "शहाण्या गं माझ्या! जरासुद्धा पसारा नाही."

नव्या बाहुलीचं बोट किंचित हललं. ते फक्त पातेलीला दिसलं.