हौसाबाईंचा लॅपटॉप

तयार लॅपटॉप घ्यावा, की हवा तसा बनवून मागवावा? रोपवाटिका चालवणाऱ्या हौसाबाई खराडे दुकानात उभ्या राहून पार गोंधळल्या होत्या. दुकानदार मुनोतशेठ मात्र गुरकावले, "मागवायच्या भानगडीत कशाला पडता? हा तयारच घ्या. असा चकचकीत स्क्रीन जिल्ह्यात मिळणार नाही. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तेही खरंच," म्हणत बाईंनी चालू लॅपटॉप उचलला आणि दाराबाहेर भर उन्हात नेऊन धरला. "शेठ, मला काहीच कळेना. तुम्हीच सांगा, काय दिसतंय?"

शेठ वाकले, त्यांनी डोळे बारीक केले. स्क्रीनवर त्यांना फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं.

"माझं काम दिवसभर उघड्यावर असतं, शेठ. उन्हात अक्षरं दिसतील असा मागवून द्या. आरसा आहे माझ्या घरी."