बाळाच्या दुपट्याची चिठ्ठी

ठसे आणि कागद आपापसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. शरयूताई भेटवस्तूंना बांधायच्या कागदी चिठ्ठ्या बनवत. फुलाचा ठसा शाईच्या गादीवर दाबला, की जास्तीची शाई त्या आधी एका पातळ रद्दी कागदावर टिपत आणि मगच ठसा चिठ्ठीवर उमटवत.

"जरा लांब सरक बाबा," उरलेली शेवटची कोरी चिठ्ठी कागदाला म्हणाली. "मी बारशाला जाणार, बाळाच्या दुपट्यावर बसून. तुझे डाग लागले तर मला कोण नेईल?"

पंख्याचा वारा आला, तसा कागद टेबलाखाली गेला.

शरयूताईंना निघायची घाई होती. कागद दिसेना, म्हणून त्यांनी ठसा थेट चिठ्ठीवर दाबला. फूल उमटलंच नाही, नुसता निळा डाग पसरला. चिठ्ठी रडवेली झाली.

शरयूताईंनी वाकून कागद शोधला, उजेडात धरला आणि त्या बघतच राहिल्या. इतक्या दिवसांचे ठसे एकावर एक पडून तिथे बाग फुलली होती. त्यांनी साच्याने चिठ्ठीच्याच मापाचा तुकडा कापला. पण तो एकटा ताठ राहीना, म्हणून तो त्या डागाळलेल्या चिठ्ठीवर चिकटवला आणि वर दोरा ओवला.

दुपट्यावर बसून दोघं निघाली.

"आता लांब सरकू का?" कागदाने हळूच विचारलं.

"नको," चिठ्ठी म्हणाली, "असाच राहा."