तो बाप जेवायचा का?

“…मग चार महिने मी काय झक मारली का, आबा?”

ओबेदने जीभ चावली. गुरूसमोर असं बोलायचं नसतं. पण शब्द सुटला तो सुटलाच.

नथनेल आबा अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते. चाळीस वर्षं गावोगावच्या चर्चमध्ये पाळक म्हणून राहिलेला हा म्हातारा. आता काम सुटलं होतं, पण प्रचारकीचं शिक्षण घेतलेली पोरं अडलं-नडलं की अजून त्यांच्याच अंगणात येत. ओबेद त्या पोरांत सगळ्यांत हुशार. हे आबांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आणि ओबेदला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

“झालं काय?” आबांनी विचारलं.

“हिराबाई. एसटी थांब्यावरची, चहाच्या टपरीवाली. येत्या रविवारी बाप्तिस्मा घेतेय.”

“मग चांगलंच की रे.”

“चांगलं? काल ती मंडळीसमोर उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं, बाई, प्रभूची ओळख तुम्हाला कुणी करून दिली? मी पहिल्या बाकावर होतो, आबा. कॉलर नीट केली. उठणारच होतो…”

“मग?”

“म्हणाली, सगुणाबाईनं.”

आबांनी लसणाची एक पाकळी सोलून ताटलीत टाकली.

सगुणाबाई म्हणजे ख्रिस्ती देऊळ झाडणारी, रविवारी घंटा वाजवणारी म्हातारी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

“पेत्र आणि पौल सख्खे भाऊ होते असं सांगते ती लोकांना!” ओबेदचा आवाज चढला. “आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हिराबाईच्या शेजारी कोण उभं राहणार? तर तीही सगुणाबाईच! दळण दळलं मी, आणि ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार.”

खरं काय ते सांगून टाकू. ओबेदला हेवा वाटत होता. तोही असातसा नाही. काल दुपारपासून पोटात घास गेला नव्हता. उपासना सुटल्यावर सगुणाबाई बायकांच्या घोळक्यात हसत उभी होती, ते हसू त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्या जागी आपण असायला हवं होतं, एवढंच त्याला राहून राहून वाटत होतं.

“तू काय शिकवलंस तिला?” आबांनी विचारलं.

“सगळं. रोज संध्याकाळी टपरीवर जाऊन बसायचो. उधळ्या पुत्राचा दाखला, वाटणी उधळून पोरगा परत येतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो तो, तर तीनदा सांगितला. बाप म्हणजे देव, दूर देश म्हणजे पाप, डुकरांच्या शेंगा म्हणजे जगातली सुखं… एकेक गाठ सोडवून सांगितली.”

“तिनं काही विचारलं?”

“विचारलं ना. पण काय, तर पोरगा परत येईस्तोवर तो बाप जेवायचा का?”

आबांचे हात थांबले.

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, हिराबाई, शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही. मुद्दा तो नाहीच. मुद्दा क्षमेचा आहे.”

“…मग?”

“मग काय? समजलं म्हणाली, आणि कप विसळायला गेली.”

कुंपणावर एक साळुंकी येऊन बसली, उडून गेली.

“सगुणाकडे जा,” ते म्हणाले. “तिनं काय सांगितलं ते विचारून ये.”

“मी? तिला विचारू?”

“हेवा वाटतोय ना तुला? मग कशाचा वाटतोय ते तरी बघून ये.”

ओबेदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो गेला.

सगुणाबाईची खोली देवळाच्या मागच्या बाजूला होती. दार उघडं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि दोन बायकांचं हसणं. एक हसणं हिराबाईचं होतं. चार महिन्यांत ओबेदने हिराबाईला हसताना ऐकलं नव्हतं.

तो उतरत्या उन्हात बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकवेना. आपल्याशिवाय आत इतकं बरं चाललंय, हेच त्याला सोसेना.

सगुणाबाईनेच त्याला पाहिलं. पिठाच्या हातांनी ती लगबगीने बाहेर आली.

“सलाम, साहेब. अवं, भाईर का उभं? आत या की. भाकरी ऊन हाय.”

“जेवायला नाही आलो,” ओबेद म्हणाला. “हिराबाईला तुम्ही काय सांगितलंत, ते विचारायला आलोय.”

म्हातारीचा चेहरा उतरला. “चुकलं का काय माजं?”

“सांगा तर.”

“म्या काय सांगनार, साहेब? मला कुटं येतंय तुमच्यावानी. तिनं येक डाव इचारलं, आज्जे, तो बाप जेवायचा का? म्या म्हनलं, मला न्हाय ठावं, बाई…”

“आणि?”

“म्हनलं, तू जेवतीस का?”

“काय म्हणाली ती?”

“न्हाय म्हनली. तिचा लेक टरकवर क्लीनर म्हनून गेलाय. तीन वर्सं झाली. ना पत्र, ना फोन. ही रोज सांजच्याला त्याच्या वाटची भाकरी झाकून ठिवती आन् सोता उपाशीच निजती. मंग म्या तितंच बसले. रडलो दोगी. म्हनलं, त्याची भाकरी राहू दे झाकून, आपन दोगी माज्यातली खाऊ. तवापासनं रोज सांजच्याला जाते. कंदी ती हितं येती. येवढंच बगा.”

“पण प्रभूबद्दल? प्रभूबद्दल काय सांगितलंत?”

“खायाच्या आदी पोराचं नाव घिऊन प्रार्थना करते. येक दिस तिनंच इचारलं, आज्जे, तू हे कुनाला सांगतीस? म्हनलं, त्याच बापाला.”

ओबेदने सगुणाबाईच्या खांद्यावरून आत पाहिलं. चुलीपुढे हिराबाई तव्यावरची भाकरी उलटत होती.

“हिराबाई,” तो म्हणाला, “हे तुम्ही मला का नाही सांगितलं?”

हिराबाईने वर पाहिलं. तिच्या मनात राग नव्हता, काही नव्हतं.

“तुमी इचारायचा, समजलं का. म्या म्हनायची, समजलं.”

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. सगुणाबाई पुन्हा म्हणाली, “या की, साहेब. चतकोर तरी खावा.”

“नको. घाईत आहे,” ओबेद म्हणाला, आणि निघाला.

वाटेत त्याला स्वतःची लाज वाटली. हो, वाटली, उगीच नाही कशाला म्हणू! डोळेसुद्धा भरून आले. ओढ्यापर्यंत तो मान खाली घालून चालत होता.

पण ओढा ओलांडला आणि डोक्यात चक्रं फिरायला लागली. आधी ऐकावं, मग सांगावं. वा! केवढा मोठा मुद्दा हाती लागला! चिंचेपाशी पोहोचेपर्यंत त्याला शास्त्रपाठ सुचला. आबांचं घर दिसायला लागलं तेव्हा उपदेशाचे तीन भाग पडले होते. हा उपदेश रविवारी केला तर सगुणाबाईसुद्धा तोंडात बोट घालील, आणि हिराबाईला कळेल खरा गुरू कोण ते.

हेवा असा चिवट असतो बघा. आत्ताच रडून आलेला माणूस, पण त्याला सोडील तर शपथ!

“आबा, समजलं!” तो फाटकातूनच ओरडला.

आबांनी लसणाची ताटली उचलून मांडीवर घेतली आणि बाजेवर जागा केली. ओबेद बसला. सगळं सांगितलं त्याने. टपरी, क्लीनर म्हणून गेलेला लेक, झाकलेली भाकरी. सांगताना त्याचा आवाज कापला, तो अगदी मनापासून कापला.

“आता रविवारी मीच बोलतो, आबा. पाळकसाहेबांना विचारतो. विषय, ऐकणारं अंतःकरण. भाग पहिला, बोलण्याआधी थांबणं. भाग दुसरा, प्रश्नामागचं दुःख ओळखणं. आणि भाग तिसरा…”

आबांनी तिसरा भागही पूर्ण ऐकून घेतला.

“कसं वाटलं?” ओबेदने विचारलं.

“छान आहे.”

ओबेद खुलला. काल दुपारनंतर पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

आबांनी शेवटची पाकळी सोलली. फोलपटं फुंकरीने उडवली. मग त्याच्याकडे वळून हळूच विचारलं,

“…हिराच्या पोराचं नाव काय रे?”